कूलरच्या शहरात लाकडी फरशी: भाड्याच्या एका घराचं प्रकरण

मागणी अशी होती: नागपुरात दोन किंवा तीन बेडरूमचं घर, भाडं तीस हजारांच्या आत आणि फरशी लाकडाची. पहिल्या दोन अटी कुठलाही दलाल पुऱ्या करतो. हे प्रकरण तिसरीचं आहे.

कुटुंब पुण्याहून येणारं. नवऱ्याची बदली नागपूरच्या मिहान या उद्योगक्षेत्रातल्या कंपनीत झालेली. बायको कथक शिकवते आणि रोज सकाळी स्वतःचा रियाज करते. त्यांना इथे नुसतं ताई म्हणतो. सोबत नवऱ्याची आई, सत्तरी ओलांडलेल्या. पुण्याच्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल्सवर वर्षानुवर्षं तत्कार, म्हणजे पायांचे ठेके, करून ताईंच्या नडग्या दुखू लागल्या होत्या. फिजिओथेरपिस्टने कडक जमिनीवरचा रियाज कमी करायला सांगितला. त्यावरून घरात ठरलं की नवं घर लाकडी फरशीचंच घ्यायचं. माझं काम घरांच्या आतल्या दुरुस्त्यांचं. ओळखीतून निरोप आला की घरं बघताना सोबत या, फरशी तेवढी तपासून सांगा.

नागपुरात ही मागणी ऐकून लोक आधी हसतात. सागवान मात्र इथल्या वाटेवरचंच. २०२३ मध्ये उघडलेल्या नव्या संसद भवनाला सागवान नागपूरहून गेलं, अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीचं बल्लारपूरच्या डेपोतून. राज्याच्या वनविकास महामंडळाचं मुख्यालयही याच शहरात आहे. आणि इथल्या घरांत पायाखाली काय असतं? जुन्या घरांत शहाबादी, मग चिप्सच्या फरश्या, मग कोटा, आणि गेल्या वीसेक वर्षांत सगळीकडे दोन बाय दोनची चकचकीत टाइल. यात अडाणीपणा काही नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, २०१३ मध्ये तर ४७.९ पर्यंत गेला होता. अशा शहरात दुपारी उघड्या फरशीवर अंग टाकायला मिळणं ही सोय आहे. लाकूड ती सोय देत नाही.

शिवाय लाकडाला इथली हवा सोसत नाही. त्याला उन्हापेक्षा जास्त त्रास हवेतल्या ओलाव्याच्या चढ-उताराचा होतो. मे महिन्यातल्या दुपारी आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली असते, ऑगस्टमध्ये ८० च्या वर. लाकूड हवेशी तोल साधत राहतं: कोरड्या हवेत त्यातलं पाणी चार-पाच टक्क्यांपर्यंत उतरतं, पावसाळी हवेत पंधराच्या पुढे चढतं. पाणी चढलं की फळी रुंदीत फुगते, उतरलं की आकसते. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणून फटी नेहमी फळीच्या लांब कडांना दिसतात. सागवान यात बरंच शांत असतं, ओक त्याहून चंचल.

त्यात नागपूरचा कूलर. संध्याकाळी ताट्या भिजवून कूलर सुरू केला की बंद खोलीतली आर्द्रता तासाभरात २० वरून ६०-७० वर जाते. सकाळी कूलर बंद, दार-खिडक्या उघड्या, दुपारपर्यंत पुन्हा २०. पावसाळा-उन्हाळ्याचा जो फरक लाकडाने वर्षातून एकदा सोसायचा, तो अशा खोलीत रोज सोसावा लागतो. टाकी भरताना सांडणारं आणि पंपाच्या नळीतून ठिबकणारं पाणी वेगळंच.

दलालाचं "वुडन"

पहिलं घर वर्धा रोडवरच्या एका नव्या टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर. फोनवर दलालाने सांगितलं होतं, "मास्टर बेडरूमले पूर्ण वुडन आहे ना ताई, पाहून तर घ्या." गेलो, पाहिलं. आठ मिलिमीटरचं लॅमिनेट होतं: लाकडाच्या भुशाचा दाबून केलेला बोर्ड, त्यावर लाकडाचा फोटो छापलेला कागद, त्यावर झिजू नये म्हणून पारदर्शक थर. बाल्कनीच्या दारापाशी पावसाचं पाणी आत आलं होतं आणि तिथल्या चार-पाच पट्ट्यांच्या कडा पापडासारख्या उचलल्या होत्या. भुशाचा बोर्ड एकदा फुगला की बसत नाही. त्याला घासून पॉलिशही करता येत नाही, कारण वर जे आहे ते कागद आहे. या एका खोलीसाठी शेजारच्या तसल्याच फ्लॅटपेक्षा तीन हजार जास्त मागत होते. लॅमिनेटसाठी भाड्यात एक रुपयाही जास्त देऊ नये असं माझं मत आहे, आणि फुगलेल्या लॅमिनेटसाठी तर उलट कमी करून घ्यावं, कारण घर सोडताना तो फुगवटा तुमच्या नावावर लागतो.

दुसरं घर बेस्याला. तिथे लाकडी नक्षीची टाइल होती, आठ इंच बाय चार फूट. फोटोत ओळखू येत नाही. जागेवर तीन गोष्टींनी ओळखू येते. तळहाताची उलटी बाजू टेकवली तर सकाळी ती गार लागते. बोटाने ठोकलं तर आवाज भरीव येतो. आणि सांध्यांत ग्राउट असतं. खोलीभर फिरून बघितलं तर तीच गाठ, तीच शीर पुन्हा पुन्हा भेटते. दलालाची यात लबाडी नसावी. त्याच्या लेखी तपकिरी आणि रेघांचं जे आहे ते वुडन. टाइल म्हणून ती चांगलीच होती, पण ताईंच्या उपयोगाची नव्हती.

मग महाल या जुन्या वस्तीतलं घर. एका जुन्या घराचा वरचा मजला, मालकीणबाई खाली राहणाऱ्या, भाडं इतर घरांच्या निम्मं. दगडी पायऱ्या संपून लाकडी जिना लागतो, आणि वर सागवानी तुळया, त्यावर कड्या म्हणजे आडवे वासे, त्यावर तक्तपोशी म्हणजे फळ्यांची जमीन. फळ्या हाताच्या वितीपेक्षा रुंद, पायांनी झिजून मधोमध किंचित खोलगट झालेल्या. अशी रुंदी आज बाजारात मागायला गेलात तर सुतार तुमच्याकडे बघत राहील. ताईंनी चपला काढल्या, उभ्या राहिल्या आणि सावकाश ता थै थै तत् केलं. जमीन बोलली. खरंच बोलली, पायाखालची फळी किंचित दबून परत आली आणि आवाज खाली गेला. त्यांचा चेहरा बघून मला कळलं की आता मला वाईटपणा घ्यावा लागणार.

खालून मालकीण काकूंचा आवाज आला, "काय करून राहिले वर? देवघरात माती पडली ना!"

तक्तपोशीवर पूर्वी मातीचा थर असायचा, त्याचे अवशेष फटींतून झडत होते. ते एक झालं. भिंतीत शिरणाऱ्या तुळईच्या टोकापाशी मातीची बारीक नळी चढलेली होती, म्हणजे उधई, वाळवी. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिथे अर्धा इंच सहज आत गेलं. तुळई भिंतीत जिथे टेकते तिथेच ती पोकळ असेल तर वरच्या फळ्या कितीही देखण्या असोत, काही अर्थ नाही. माणसं राहतील, झोपतील, तेवढा भार ती कदाचित आणखी वीस वर्षं घेईल. पण रोज तास-दीड तास एकाच जागी ठेका मारणं हा भार निराळा. तुळईचं टोक उघडून बघितल्याशिवाय मी हमी देणार नव्हतो, आणि भाडेकरूसाठी कोण तुळई उघडून दाखवतो? शिवाय तो उभा जिना आईंना दिवसातून दोनदा चढणं शक्य नव्हतं. हे दुसरं कारण मी आधी सांगितलं, कारण ते पटायला सोपं होतं.

लाकूड कशासाठी हवं

महालाहून परतताना जे बोलणं झालं, ते खरं तर पहिल्याच दिवशी व्हायला हवं होतं. महालातल्या जमिनीने पायांना जो दिलासा दिला तो लाकडाचा नव्हता, लाकडाखालच्या पोकळीचा होता. फळी दोन कड्यांच्या मधे लवते, आणि तिथे आघात जिरतो. तीच फळी सिमेंटच्या कोब्यावर चिकटवली की लवायला जागाच उरत नाही. क्रीडागृहांच्या फरशीसाठीच्या ईएन १४९०४ या युरोपीय मानकात आघात किमान २५ टक्के शोषला गेला पाहिजे अशी अट आहे, आणि त्यासाठी फळीखाली रबर किंवा पट्ट्यांची रचना करतात. फ्लॅटमधल्या लॅमिनेटखाली दोन मिलिमीटरचा फोम असतो. तो पावलांचा-टाचांचा आवाज थोडा मारतो, नडग्यांना त्याचा उपयोग नगण्य.

म्हणजे नागपुरातल्या कुठल्याही फ्लॅटमधली कुठलीही लाकडी फरशी, अस्सल असली तरी, ताईंचं दुखणं कमी करणार नव्हती. हे ऐकून नवरा वैतागला, "मग आपण इतके दिवस शोधतोय काय?" प्रश्न रास्त होता. उत्तर आईंनी दिलं. त्यांना लाकडी फरशी वेगळ्याच कारणाने हवी होती आणि ते कोणी विचारलंच नव्हतं. डिसेंबर-जानेवारीत नागपूरचं किमान तापमान दहाच्या खाली जातं; पहाटे उठून टाइलवर पाय ठेवला की त्यांच्या पायांत गोळे येतात. मोजे घातले तर टाइलवर घसरायची भीती. त्यांना एक खोली हवी होती, सगळं घर नाही.

शोधाची दिशा इथून बदलली. तळमजला हवा, म्हणजे तत्काराचा त्रास खाली कोणाला नाही आणि आईंना जिना नाही. एक मोठी खोली हवी, फरशी कसलीही चालेल. आणि एक खोली लाकडी फरशीची मिळाली तर उत्तम.

लक्ष्मीनगरचं घर

असं घर जाहिरातीत नव्हतं, किराणा दुकानदाराकडून कळलं. स्वतंत्र बंगला, मालक काका-काकू वरच्या मजल्यावर, खालचा मजला भाड्याने. पुढे प्रशस्त हॉल, जुन्या पद्धतीच्या चिप्सच्या फरशीचा. मागच्या खोलीत अमेरिकेतल्या मुलाने सुट्टीत येऊन राहायचं म्हणून इंजिनिअर्ड ओकची फरशी टाकून घेतलेली. मुलगा मग फारसा आलाच नाही.

इंजिनिअर्ड म्हणजे खाली प्लायचे आडवे-उभे थर आणि वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा. थर एकमेकांना धरून ठेवतात म्हणून नुसत्या फळीपेक्षा हवेचा परिणाम कमी होतो. उंबऱ्यापाशी पितळी पट्टी काढून कड बघितली: एकूण १४ मिलिमीटर जाडी, वरचा ओक साधारण तीनचा. म्हणजे आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घासून पॉलिश करता येईल. कोपऱ्यातली स्कर्टिंग सैल होती ती उचलली. भिंत आणि फळी यांच्यात सेंटिमीटरभर जागा सोडलेली होती. मिस्त्री जाणता होता. ही जागा नसती तर पावसाळ्यात फुगलेली फरशी भिंतीला भिडून मधून उचलली गेली असती. भिंतीच्या पायथ्याला ओलीने येणारा खार नव्हता, रंगाचे पोपडे नव्हते. तळमजल्यावर हे आधी बघावं, लाकूड नंतर.

सगळ्यात मौल्यवान वस्तू मात्र माळ्यावर निघाली: उरलेल्या फळ्यांचा एक न फोडलेला खोका. लाकडी फरशीच्या घरात मालकाला पहिला प्रश्न हाच विचारावा, की शिल्लक माल आहे का. त्याच रंगाची, त्याच जाडीची फळी काही वर्षांनी मिळत नाही, आणि एक फळी खराब झाली की सगळ्या खोलीचा खर्च भाडेकरूच्या अनामत रकमेतून वळता करायचा वाद तिथून सुरू होतो.

काकांनी अटी सांगितल्या. भाडं २६,०००. अनामत सहा महिन्यांची, "फरशी महागाची आहे म्हणून". आणि घरात कूलर लावायचा नाही.

"काकाजी, नागपुरात कूलर नाही तर काय लावू?" नवऱ्याने विचारलं.

"एसी लावा ना."

"तीन खोल्यांत एसी लावला तर बिल तुम्ही भरणार का?"

काकू मधे पडल्या नसत्या तर बोलणं तिथेच मोडलं असतं. त्यांनी चहा आणला आणि काकांना आठवण करून दिली की वर त्यांचे स्वतःचे दोन कूलर आहेत. शेवटी ठरलं ते असं: हॉलच्या खिडकीला बाहेरून स्टँडवर कूलर चालेल, मागच्या खोलीत कूलर नाही, तिथे आधीच असलेला एसी वापरायचा, आणि हॉलचा कूलर चालू असताना मागच्या खोलीचं दार लावलेलं असावं. चारेकशे रुपयांचा आर्द्रता मोजणारा डिजिटल मीटर भाडेकरूने त्या खोलीत ठेवायचा. अनामत तीन महिन्यांवर आली, ७८,०००. मीटरमुळे ती उतरली असं मला वाटतं. आपल्या फरशीची कोणी तरी इतकी चौकशी करतंय हे बघून काकांचा धीर वाढला.

करार

"अकरा महिन्यांचंच आहे, नोंदणी कशाला? नोटरी करून टाकू," असं काका म्हणाले. नागपुरात निम्मे मालक हेच म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, मुदत अकरा महिन्यांची असली तरी, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण काकांना पटला तो त्याच कलमातला दुसरा भाग: नोंदणीकृत करार नसेल तर भाड्याच्या अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे फरशीबद्दल ठरलेलं सगळं नोटरीच्या कागदावर कच्चंच राहिलं असतं. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि परत मिळणाऱ्या अनामतीवरचं दहा टक्के दराने धरलेलं व्याज यांच्या पाव टक्का लागतं. अकरा महिन्यांचे २,८६,००० आणि व्याजाचे सात हजार धरून ते साधारण ७३३ रुपये झालं, वर नोंदणी फी १,०००. सहा महिन्यांची अनामत मागणाऱ्या माणसाने यात काटकसर करावी हे मला कळत नाही. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देण्याचं कामही त्याच आठवड्यात उरकलं.

फरशीचं कलम मी लिहून दिलं, वकिलाने त्याची भाषा सुधारली. तात्पर्य असं: हवामानामुळे सांध्यांत पडणाऱ्या आणि पुन्हा मिटणाऱ्या फटी, तसंच रोजच्या वापराची झीज, भाडेकरूच्या माथी नाही. पाणी साचून, जड सामान ओढून किंवा जाळून झालेलं नुकसान भाडेकरूचं, पण खर्च खराब झालेल्या फळ्यांपुरता, सगळ्या खोलीचा नाही. माळ्यावरचा खोका दुरुस्तीसाठी वापरता येईल. ताबा घेताना खोलीचा व्हिडिओ दोघांसमोर काढला, चारही भिंतींच्या कडेने सावकाश फिरवत, आणि दोघांच्या फोनमध्ये ठेवला.

ताईंसाठी हॉलमध्ये हलवता येणारं व्यासपीठ केलं. १२ मिलिमीटरच्या प्लायच्या आठ बाय चारच्या चार शीट. खालच्या दोन उभ्या, वरच्या दोन आडव्या, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही, स्क्रूने जोडलेल्या. खाली दर फुटावर रबराचे गोल तुकडे, जेणेकरून प्लाय लवेल. आठ बाय आठची जागा, कथकच्या रियाजाला पुरेशी. चक्करांना थोडी तंग, असं ताई म्हणाल्या. एक शीट वीस-पंचवीस किलोची, त्यामुळे घर बदलताना स्क्रू काढून ट्रकमध्ये घालता येते. सुतार हे काम करताना सारखा विचारत होता की यावर नक्की बसणार कोण.

पहिलं वर्ष

मे महिन्यात मागच्या खोलीत फटी दिसू लागल्या, नखाच्या जाडीच्या. काका खाली आले, बघितलं, घाबरले. मीटर ३० टक्के दाखवत होता. एसीही हवा सुकवतो, ही बाब कराराच्या वेळी माझ्यासकट सगळ्यांनी हलक्यात घेतली होती. पण कलम होतं, फोटो काढले, वाट बघितली. ऑगस्टपर्यंत फटी मिटल्या.

पाण्याचं नुकसान व्हायचं ते झालंच. घरकाम करणाऱ्या मावशी सगळ्या घराला फिनाइल टाकून ओला पोछा मारायच्या. लाकडी खोलीत फडकं घट्ट पिळून, नाहीतर कोरडाच, हे ताईंनी त्यांना समजावलं होतं. पण त्या आठवडाभर गावी गेल्या आणि बदलीवर आलेल्या बाईंना कोणी काही सांगितलं नाही. बाथरूमच्या दारापाशी ठेवलेल्या बादलीखाली पाणी राहिलं, दोन फळ्यांच्या कडा उठल्या आणि काळं वर्तुळ पडलं. मालकाशी केलेल्या कराराइतकंच पोछा मारणाऱ्या हाताशी बोलणं गरजेचं असतं, आणि ते कुठल्याही वकिलाला सुचत नाही. फळ्या कोब्याला चिकटवलेल्या होत्या, त्यामुळे सुताराला त्या मधून कापून काढाव्या लागल्या. खोक्यातल्या दोन बसवल्या. मजुरी आणि गोंद मिळून २,८०० रुपये, कलमाप्रमाणे भाडेकरूने दिले, वाद झाला नाही. नव्या फळ्या किंचित फिक्या दिसतात, कारण जुन्यांवर काही वर्षांचा उजेड पडला आहे.

वाद झाला तो वेगळ्याच गोष्टीवरून. आईंच्या पलंगाशेजारी बारीक ओरखड्यांचा एक पट्टा उमटला. रियाज हॉलमध्ये, व्यासपीठावरच व्हायचा. पण घुंगरू बांधायला आणि सोडायला ताई रोज आईंच्या पलंगावर येऊन बसायच्या, गप्पा मारत. पितळेचे घुंगरू पायांभोवतीचे वळसे सुटताना ओकवर घासले जायचे. काकांचं म्हणणं, हे नुकसान. ताईंचं म्हणणं, ही रोजच्या वापराची झीज. मला विचारलं तर दोघंही थोडे थोडे बरोबर होते. कलमात घुंगरू येतील असं कोणाच्या डोक्यातच नव्हतं. मेणाच्या कांडीने ओरखडे बरेचसे बुजले, तिरक्या उन्हात अजून दिसतात.

अकरा महिन्यांनी करार पुन्हा झाला. भाडं पाच टक्क्यांनी वाढलं, अनामत तीच राहिली. एसी सुरू असताना आर्द्रता ३५ च्या खाली गेली तर खोलीत पाण्याचं पसरट भांडं ठेवायचं, हे माझ्या सांगण्यावरून आलं. आणि फरशीच्या कलमाखाली काकांच्या आग्रहाने आणखी एक ओळ आली: मागील खोलीत घुंगरू बांधू अथवा सोडू नयेत.